मिटलेलं बोट

कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवायचं नसतं, हे आरोहीला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगून कळायचं तिचं वयही नव्हतं. दहा महिन्यांची पोर. बोट दाखवायला शिकून तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि तेवढ्यात पंखा, मांजर, बापाचं हेल्मेट, घरमालक कुशाबांच्या मिशा अशा सगळ्या जगाला तिचं बोट दाखवून झालं होतं. त्या दिवशी सकाळी ती आईच्या कडेवर बसून परसात उतरली. जुन्या गोठ्याच्या भिंतीला लागून बांबूचा मांडव होता, त्यावर एकच वेल चढला होता. पानाआडून लिंबाएवढा हिरवा भोपळा डोकावत होता. आरोहीनं आपलं इवलं बोट नेमकं त्याच्यावर रोखलं.

"आगं आगं आगं!" लीलाबाई हातातली बादली तिथंच ठेवून धावल्या. त्यांनी ते बोट ओल्या मुठीत धरलं आणि हलकेच दुमडलं. "असं न्हाई दावायचं, बाय. कवळं फळ हाय, नासतंय. दावायचंच आसंल तर असं दाव, मिटलेल्या बोटानं." त्यांनी स्वतःचं बोट वाकवलं आणि पेरानं भोपळ्याकडं खूण केली, थोरामोठ्यांच्या दारावर टकटक करावी तशी.

ऋतिकाला हसू आलं. तिकडं माहेरी, देऊळगाव राजाला तिची आजीसुद्धा हेच सांगायची. आरोहीला मात्र खेळच सापडला. दिवसभर ती मिटलेल्या बोटानं सगळीकडं खुणा करत राहिली.

चौथ्या दिवशी तो भोपळा पिवळा पडून मांडवाखाली गळलेला सापडला.

लीलाबाईंनी तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि वेलाच्या बुडाशी पुरून टाकला. चार शब्द बोलल्या असत्या तर ऋतिकाला बरं वाटलं असतं. उलट संध्याकाळी त्या झाकलेली ताटली घेऊन जिना चढून वर आल्या.

"घे. फुलांची भजी हायेत. गरम हायेत तवर खा. लेकरू अंगावर पितंय तुझं, भूक लई लागत आसंल."

"काकू, रोज रोज कशाला?"

"रोज फुलत्यात, रोज तोडतीया. वांझ फुलं ती, त्यांना कुटं भोपळा लागतोय? माझी आय बी आमाला अशीच तळून घालायची."

भोपळ्याची पिवळी फुलं बेसनात बुडवून तळलेली. दाताखाली कुरकुरीत आणि आत नुसती हवा. ऋतिकानं वेदांतसाठी दोन बाजूला काढून ठेवली. मग आरोहीला झोपवता झोपवता तीही खाल्ली.

वेदांत आणि ती या माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आली, तेव्हा आरोही पोटात होती. घोटावड्यातून हिंजवडी जवळ. वेदांत सकाळी आठला गाडी काढायचा, ऋतिका घरूनच काम करायची. काम म्हणजे आरोही झोपली की लॅपटॉप उघडायचा आणि ती उठली की मिटायचा. आईचा मुक्काम बाळंतपणानंतर जेमतेम तीन आठवडे झाला होता. पुढं तेल कसं लावायचं, पोट दुखलं तर ओवा कसा शेकायचा, हे सगळं ऋतिका खालच्या मजल्यावरच शिकली. त्यामुळं गळलेल्या त्या भोपळ्याचं तिला जरा जास्तच लागलं. आणि वेलाची सगळी हकिकत कळली तेव्हा तर फारच.

हकिकत लीलाबाईंनीच सांगितली, एकदा दुपारी पायरीवर बसून चवळीच्या शेंगा मोडताना. भोपळ्याचं हे बी त्यांच्या माहेरचं, मालेगावचं नव्हे बरं का, पौडच्या पुढच्या मालेचं. बाहेरून राखाडी, आत केशरासारखा. शिजला तरी फोड मोडत नाही, घारग्यांना गूळ निम्माच लागतो. लग्नात आईनं मूठभर बी पदराच्या टोकाला बांधून दिलं होतं. तेव्हापासून दर वर्षी एक भोपळा बियाला राखायचा, बी राखेत घोळवून चहाच्या डब्यात ठेवायचं.

"मग मालेला असेलच की अजून," ऋतिका म्हणाली.

"कशाचं आसंल? भावानं रान इकलं. आता तितं रिसॉर्ट हाय. आमच्या परसात पोहायचा तलाव केलाय, निळ्या फरशीचा." लीलाबाईंनी शेंग मोडली. "बी ऱ्हायलं फकस्त माझ्या डब्यात. ते बी आता न्हाई. गेल्या साली येक बी भोपळा धरला न्हाई. त्याच्या आदल्या साली येकच, त्यो बी आतून पोचट. तीन दानं चांगलं निघालं, तिन्ही यंदा टोकलं. दोन गोगलगायीनं खाल्लं. ह्यो येक येल."

"आणि याला लागला नाही तर?"

"मग संपलं," लीलाबाई म्हणाल्या, आणि शेंगांची टोपली घेऊन आत गेल्या.

ऋषिपंचमीला अजून तीन आठवडे होते. ऋषीच्या भाजीत या भोपळ्याची फोड पडली नाही असं लग्न झाल्यापासून कधी झालं नव्हतं. गेल्या वर्षी प्रथमच बाजारातला आणला आणि लीलाबाईंना ती भाजी गोडच लागली नाही.

वेदांतला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भोपळाच ना? मागव की ऑनलाइन, दहा मिनिटांत येतो."

"घोटावड्यात येत नाही."

"मग सूसवरून आणतो येताना."

ऋतिकानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो समजायचं ते समजला आणि डबा घेऊन गाडीकडं गेला.

कुशाबांचं मत सरळ होतं. ते परसातल्या बाजेवर तंबाखू मळत बसले होते. "नजर न्हाई, बोट न्हाई, काय न्हाई. माश्या न्हाईत."

"मधमाश्या?"

"सातेरी. ही भित बगितलीस?" त्यांनी गोठ्याच्या भिंतीकडं मान उडवली. "हिच्यात भोक व्हतं, मुठीएवढं. आतमदी मोहोळ. माझ्या बापाच्या टायमापासून. बैलं बांदायचो तवा त्यांच्या शिंगाजवळनं माश्या जायाच्या यायच्या, कुनी कुनाला काय करत न्हवतं. समोरच्या उतारावर कारळं पेरायचो, दिवाळीच्या आदी सगळा माळ पिवळा. माश्यांची चंगळ. आता तितं पलाट पडलं. गवत येऊ नये म्हनून औषद मारत्यात. आन् तुमच्या रूम बांदल्या तवा गवंडी म्हनला, भितीला सिमिट मारून घिऊ. मी म्हनलं, मार." त्यांनी चिमूट ओठाखाली धरली. "भोक बुजलं. दोन दिवस भितीभवती घोंगावल्या, मग गेल्या कुटं तरी."

ऋतिकानं वर आपल्या खिडकीकडं पाहिलं. वाळत घातलेली दुपटी हलत होती.

रविवारी ती सहालाच उठली. आरोही पहाटेचं दूध पिऊन बापाच्या कुशीत घोरत होती. हा तास-दीड तास ऋतिकाचा स्वतःचा असायचा. एरवी ती त्यात चहा प्यायची आणि नुसती बसून राहायची. आज कप घेऊन खाली उतरली. श्रावण असल्यामुळं लीलाबाई रोज या वेळेला महादेवाला जायच्या, परसात कुणी नव्हतं. मांडवावर सात फुलं उमललेली, थाळीएवढी पिवळीधमक. सहा लांब देठांवर उभी. सातव्याच्या बुडाशी चिमुकला हिरवा गोळा.

ती बसून राहिली. मुंग्या आल्या. एक हिरवी माशी आली, बसली, पाय चोळून गेली. काळा भुंगा मोठ्या तोऱ्यात आला आणि मांडवावरून सरळ शेजारच्यांच्या जास्वंदीकडं गेला. सात वाजले, साडेसात वाजले. मधमाशी एकसुद्धा नाही. तेवढ्यात तांब्या घेऊन लीलाबाई आल्या. "लवकर उटलीस?" म्हणत त्यांनी हात वर केला आणि लांब देठांची सहाच्या सहा फुलं खुडून ओच्यात टाकली.

ऋतिकाच्या हातातला कप तसाच राहिला.

तिला सगळं एकदम दिसलं. त्या सहा फुलांतच तर पराग होता. पूर्वी भिंतीत मोहोळ होतं तेव्हा लीलाबाई मंदिरातून येईपर्यंत माश्यांचं सगळं काम उरकलेलं असायचं. मागाहून फुलं तळा, नाहीतर उधळा. आता माश्याच येत नव्हत्या. चुकून एखादी आठ वाजता आली असती, तर तिच्यासाठीही इथं एक फूल शिल्लक नव्हतं.

आणि यावर काय करायचं हे ऋतिकाच्या बोटांना तिच्या डोक्याआधी आठवलं. देऊळगाव राजाच्या बाजूला बियाणाचे प्लॉट असतात, पांढऱ्या जाळीखाली काकडी, कारली, मिरची. तिची आई त्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. सकाळच्या प्रहरी शेपन्नास बाया एका ओळीत, नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागं सारायच्या, मादी फुलाच्या तोंडाला हलकेच टेकवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऋतिकाही जायची. "फुलाला कळता कामा नये आपण आलो व्हतो," आई म्हणायची. काम झालेल्या फुलाचं तोंड धाग्यानं बांधायचं आणि देठालाही एक धागा, म्हणजे मुकादमाला कळायचं कुठलं फूल झालं नि कुठलं राहिलं. आईच्या बोटांची टोकं वर्षाचे सहा महिने पिवळी. कॉलेजात कुणी विचारलं तर ऋतिका "आमची शेती आहे" म्हणायची. ते काही खोटं नव्हतं, दीड एकर होतीच.

आता लीलाबाईंना सांगायचं कसं? काकू, तुमचा भोपळा तुमच्या भज्यांनी खाल्ला, असं? आणि ती भजी गेली कुणाच्या पोटात? माझ्याच. तिनं दोन-तीनदा जिन्यात उभं राहून वाक्यं जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी लीलाबाईंचा चेहरा पडलेला दिसायचा. मग तिनं ठरवलं, सांगायचंच नाही. गुपचूप करायचं.

पुढचे दहा-बारा दिवस ऋतिका आपल्याच घरमालकाच्या परसात चोरासारखी शिरत होती. लीलाबाईंच्या चपला दारातून गेल्या की ही उतरायची. प्लास्टिकचं स्टूल घ्यायचं, एकच नर फूल खुडायचं, बाकीची त्यांच्या ओच्यासाठी ठेवायची. कधी मादी फूल उमललेलं असायचं, कधी नसायचं. असलं की पाकळ्या मागं सारून ते पिवळं बोंड हलकेच फिरवायचं, सगळीकडून. मग आरोहीचं फाटलेलं लाल टोपडं उसवून काढलेल्या लोकरीनं फुलाचं तोंड बांधायचं, श्रावणातली सर कधी येईल सांगता येत नाही. देठालाही एक धागा. हे धाग्याचं कुणी विचारलं असतं तर तिला कारण सांगता आलं नसतं. इथं कुठला मुकादम यायचा होता? पण हातानं शिकलेलं काम हात पूर्ण करूनच थांबतो. वर आरोहीचं "आं... आं" सुरू झालं की स्टूल जागच्या जागी आणि ही दोन-दोन पायऱ्या चढत वर.

अशी चार फुलं झाली. पहिल्या दोघांखालचे गोळे लिंबाएवढे झाले, मोसंबीएवढे झाले, आणि पिवळे पडले नाहीत. ऋतिका खिडकीतून त्यांच्याकडं बघायची. बोट मात्र मिटलेलं ठेवायची. उगाच कशाला?

आणि मग एका गुरुवारी, ती मीटिंगमध्ये होती. कॅमेरा बंद, मांडीवर आरोही, कानाला हेडफोन. तरीही खालचा आवाज ऐकू आला.

"अवं! हिकडं या आदी! लवकर या!"

ऋतिका खिडकीशी गेली. मांडवाखाली लीलाबाई उभ्या होत्या, हातात विळा. कुशाबा बाजेवरून उठून येत होते.

"ह्ये बगा. लाल दोरा. देटाला बांदलाय. हितं बी. आन् हितं. चार ठिकानी."

"पाखरानं आनला आसंल घरट्याला."

"पाखरू दुहेरी गाठ मारतंय व्हय?"

कुशाबांनी गाठ निरखून पाहिली आणि टोपी मागं सरकवली. गाठ खरंच दुहेरी होती.

"कुनीतरी करून ठिवलंय," लीलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी देवाला जाती ती येळ साधून. मला वाटलंच. दोन साल धड भोपळा धरला न्हाई, आन् आता येकदम मोसंब्यागत दोन? उगं न्हाई धरलं ते."

"मग चांगलंच झालं की. धरला तर का रडतीस?"

"अवं, दोरा बांदल्यालं फळ घरात शिजवायचं? त्याचं बी धरायचं? आन् ही पोर हितं रांगत्या, मातीत हात घालत्या, त्योच हात तोंडात घालत्या." विळ्याची मूठ त्यांनी घट्ट धरली. त्यांचा आवाज आता अगदी शांत झाला होता. "माझ्या आयचं बी गेलं तर गेलं. लेकराला काय व्हायला नको. काढती आन् वढ्याला सोडून येती चारी."

वर खिडकीत ऋतिकाच्या कानात कुणीतरी "ऋतिका, आर यू देअर?" असं विचारत होतं. ती तिथं नव्हती. ती जिन्यात होती, हेडफोन गळ्यात, आरोही काखेत, पायात एकच चप्पल.

"काकू, थांबा! तोडू नका! मी बांधलाय!"

लीलाबाई वळल्या. विळा तसाच हवेत.

"तू?"

"मी. टोपड्याची लोकर आहे, आरोहीच्या. करणी-बिरणी काही नाही, काकू, ते क्रॉसिंग आहे."

"काय हाय?"

मग ऋतिकानं सांगितलं. जाळीखालचे प्लॉट, आईची पिवळी बोटं, मुकादम, धागा. धाप लागली होती म्हणून थोडं मागचं पुढं झालं. नर फुलातला पराग मादी फुलाला लागला नाही तर फळ धरत नाही, आणि तो लावणाऱ्या माश्या राहिल्या नाहीत, म्हणून आपण हातानं लावला. इथपर्यंत नीट झालं. मग तिला थांबावं लागलं.

"नर फूल म्हंजी?" लीलाबाईंनी विचारलं. "कंचं?"

ऋतिकाची नजर त्यांच्या ओच्याकडं गेली. तिथं सकाळची पाच फुलं होती.

लीलाबाईंनी ओचा पाहिला. विळा त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला आणि पायरीवर बसल्या. "म्हंजी वांझ न्हवंत ही," त्या म्हणाल्या. "आन् मी रोज तळून..."

"आगं, भज्यांचं काय घिऊन बसलीस?" कुशाबा म्हणाले. "मोहोळ व्हतं तवा ह्याच्या दुप्पट फुलं तळलीस, आन् वर भोपळं गावात वाटलंस. भोक मी बुजवलं. तळनं तुझं, लिंपनं माझं. आन् खानं हिचं."

"तुमी गप बसा," लीलाबाई म्हणाल्या. मग ऋतिकाकडं वळून, "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"ठावं असून खाल्लीस?"

"हो."

"का?"

ऋतिकानं खूप शोधलं, पण खरं तेवढंच तोंडातून आलं. "फार चांगली होती, काकू."

लीलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटले, गाल हलला, आणि मग त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. त्यांचं बघून आरोहीही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना. "येडी का खुळी! आगं, तोंडानं सांगायला काय झालं व्हतं? मी काय खाल्लं असतं तुला? का तुला बी पिठात बुडवून तळलं असतं?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "आन् बोट लावलंस कवळ्याला?"

"फुलाला लावलं, काकू. फुलानंच लावलं. बोट नाही लागू दिलं."

"हां," त्या म्हणाल्या, पण पुरतं समाधान काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या महादेवाला गेल्या नाहीत. "त्यो कुटं जातोय? नऊ वाजता बी हाय," म्हणत सहालाच हात पाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन मांडवाखाली उभ्या राहिल्या. ऋतिका आरोहीला घेऊनच उतरली, आता लपवायचं काय होतं? त्या दिवशी एक मादी फूल उमललं होतं, पाचवं.

"पाकळ्या मागं घ्या. आता हे बोंड तिकडच्या बोंडाला टेकवा. घासू नका. आई म्हणते, फुलाला कळता कामा नये."

लीलाबाईंनी नर फूल दोन बोटांत न धरता मुठीत धरलं, तर्जनी आत वळवून. फूल टेकवतानाही त्यांनी ती सरळ केली नाही. ऋतिकानं ते पाहिलं. पिवळी भुकटी मुठीवर सांडली.

"येवडंच?"

"एवढंच."

"आन् ह्येच ती येवडीशी माशी करायची?" लीलाबाई म्हणाल्या. "सगळ्या गावाच्या काकड्या, दोडकी, पडवळ, सगळ्यांचं?" मूठ उघडून त्या पिवळ्या पेरांकडं बघत राहिल्या. मग स्वतःच हात पुढं केला. "दे दोरा. दुहेरी गाठ ना?"

पाचांपैकी एक पावसानं सडला, दोन आपसूक गळले. दोन राहिले. त्यांतला मोठा ऋषिपंचमीपर्यंत नारळाएवढा झाला. पण वेडावाकडा, एका अंगानं फुगलेला आणि दुसरीकडं खोलगट. त्या अंगाला पराग कमी पडला, ऋतिका म्हणाली. माशी दहादा येऊन चहूबाजूंनी फिरते, आपण एकदाच आणि घाईत. त्या वेळी वर आरोही रडत होती.

पंचमीच्या सकाळी लीलाबाईंच्या स्वयंपाकघरात अळू होतं, चवळी, माठ, कणसं, शेजारणीकडची काकडी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या रानातलं नको, परसात हातानं टोकलेलं, ओढ्याकाठी आपसूक आलेलं, तेवढंच. ऋतिका पाटावर बसून कणसाचे तुकडे करत होती.

"काकू, भोपळा आणू का काढून? मोठा?"

लीलाबाई चुलीपुढं होत्या, पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. "इतकी वर्सं ह्यो उपास धरतीया," त्या म्हणाल्या. "बैलाच्या कष्टाचं खायचं न्हाई, येक दिस त्याला इसावा. बैल दिसतोय, म्हनून ध्येनात ऱ्हायला. माशीचं कुनाच्या ध्येनात आलं? ह्या भाजीत पडायचा त्यो भोपळा तिच्याच कष्टाचा व्हता. काकडी तिच्याच. दर वर्सी खाल्लं." झाकण त्यांनी नीट बसवलं. "ह्यो यंदाचा मातूर खरा हातच्या कष्टाचा. नेमात बसतोय अगदी."

"मग आणते."

"नगं. ऱ्हाऊ दे त्याला येलावर. पिकू दे." मग परत, स्वतःशीच म्हणावं तसं, "पुडल्या साली खाऊ."

त्या वर्षीच्या भाजीत भोपळा नव्हता, वेलाचे कोवळे शेंडे होते. गोडी होती की नाही हे लीलाबाईंनी सांगितलं नाही, पण दोनदा वाढून घेतली.

दुपारी गोठ्याकडून ठकठक ऐकू आली. कुशाबा छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीवरचं सिमेंट फोडत होते, मुठीएवढं भोक पाडत. वेदांत सुट्टी म्हणून घरी होता, तो शिडी धरून उभा राहिला.

"येतील का काका, परत?" त्यानं विचारलं.

"तुमी आला की," कुशाबा म्हणाले. "रूम रिकामी ठिवायची. बाकी त्यांचं त्या बगतील. उताराच्या खालची आपली पट्टी हाय, तितं आता कारळं टाकतो मूठभर."

भिंतीतल्या भोकात दिवाळीपर्यंत तरी कुणी राहायला आलं नाही. एकदा पाल दिसली. पण उताराखालची पट्टी पिवळी झाली तेव्हा ऋतिका सकाळी आरोहीला घेऊन तिकडं गेली आणि फुलांवर एक, मग थोड्या वेळानं दुसरी मधमाशी पाहिली. कुठून आल्या होत्या कोण जाणे. आरोही आता भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. तिनं मिटलेल्या बोटानं माशीकडं खूण केली. तेवढं तिला आता पक्कं झालं होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी मोठा भोपळा अंगणात फोडला. लहान्याचे घारगे केव्हाच झाले होते. आत केशरी रंग, जसा सांगितला होता तसा. फुगलेल्या अंगाला भरलेल्या बिया, खोलगट अंगाला पोचट. लीलाबाईंनी एकेक बी अंगठ्यानं दाबून पाहिलं, पोचट बाजूला टाकलं, भरलेलं धुऊन सुपात पसरलं. चार दिवस सावलीत वाळवलं, राखेत घोळवलं. मग त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन डबे होते, एक चहाचा आणि एक लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचा, ऋतिकानंच टाकून दिलेला.

"ह्यो माझा," चहाचा डबा छातीशी धरून त्या म्हणाल्या. "ह्यो तुझ्या आयला दे. आता म्हायेरी जानार हायेस न्हवं?"

"काकू, पण हे तुमच्या आईचं..."

"म्हनून तर. येकाच डब्यात ठिवलं म्हनून अशी येळ आली. तिच्या हाताला कळतंय फुलाचं. ती न्हाई हरवायची." डबा ऋतिकाच्या हातात देऊन त्या वळल्या, जिन्यावरून पुन्हा वर पाहिलं. "तिला म्हनावं, घारग्याला गूळ निम्माच घाल."

ऋतिका डबा मांडीवर घेऊन खिडकीत बसली. आरोही झोपली होती. लॅपटॉप उघडायचा होता, आठ निरोप येऊन पडले होते. तिनं आईला फोन लावला.

आई प्लॉटवरच होती. मागं बायांचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं. ऋतिकानं पहिल्यापासून सांगितलं. वेल, भजी, स्टूल, विळा, वेडावाकडा भोपळा, बी. सगळं सांगून झालं तेव्हा मागचा गलका वाढला होता.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकायली," आई म्हणाली. "ते समदं खरं. पन धागा बांधला व्हता ना गं?"